जुने डॉस गेम नव्या लॅपटॉपवर आवाजासह कसे खेळायचे?

शाळेच्या कम्प्युटर लॅबमध्ये ‘डेंजरस डेव्ह’ खेळलेली मुलं आता नोकरीला लागली आहेत. एखादं मीम फिरतं, जुनी आठवण येते आणि गेम डाउनलोड होतो. पण विंडोज ११ वर डबल क्लिक केलं की ‘हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. काही जण खटपट करून गेम सुरू करतात, तर त्याला आवाजच नसतो.

असं का होतं आणि त्यावर उपाय काय? समजून घेऊया.

गेम सुरूच का होत नाही?

विंडोज ९५ आणि ९८ यांच्या पोटात डॉस होतंच. त्यामुळे डॉसचे गेम त्यावर चालायचे. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीचा पाया वेगळा होता, पण जुन्या प्रोग्रॅमसाठी त्यात डॉसचा आभास निर्माण करणारी सोय ठेवली होती.

६४ बिट विंडोजमध्ये ही सोय नाही. ती प्रोसेसरच्या ज्या जुन्या पद्धतीवर अवलंबून होती, ती पद्धत ६४ बिट मोडमध्ये मिळत नाही. विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमध्येच येतं. म्हणून प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘कम्पॅटिबिलिटी’मध्ये विंडोज ९५ निवडलं तरी उपयोग होत नाही. तुमची फाईल खराब झालेली नसते, तिला चालायला लागणारं डॉसच तिथे नसतं.

आवाजाची अडचण वेगळी का?

आजचा गेम आवाजासाठी विंडोजला सांगतो. विंडोज ते काम ड्रायव्हरकडे देतं. तुमच्या लॅपटॉपमध्ये कोणती साउंड चिप आहे, हे गेमला माहीत असण्याची गरज नसते.

डॉसमध्ये असा मध्यस्थ नव्हता. गेम थेट साउंड कार्डाशी बोलायचा. १९८७ मध्ये ॲडलिब कार्ड आलं, १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर आलं. गेम बनवणाऱ्यांना प्रत्येक कार्डासाठी वेगळी तयारी करावी लागायची. म्हणूनच जुन्या गेममध्ये ‘तुमचं कार्ड कोणतं?’ असा प्रश्न असतो आणि सोबत तीन आकडे विचारले जातात.

पोर्ट म्हणजे कार्डाचा पत्ता. आयआरक्यू म्हणजे ‘आवाजाचा हा तुकडा संपला, पुढचा द्या’ असं कार्डाने प्रोसेसरला कळवण्याची लाइन. डीएमए म्हणजे मेमरीतून कार्डापर्यंत आवाज पोहोचवणारा थेट रस्ता. आजच्या लॅपटॉपमध्ये त्या पत्त्यावर कुणीच राहत नाही. गेम हाका मारत राहतो, उत्तर येत नाही.

‘डेव्ह’ मात्र याला अपवाद आहे. जॉन रोमेरो यांच्या या गेमचा आवाज साउंड कार्डातून नाही, तर कम्प्युटरच्या डब्यातल्या छोट्या पीसी स्पीकरमधून यायचा. त्यात कार्ड निवडण्याची भानगडच नाही.

डॉसबॉक्स काय करतं?

डॉसबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर २००२ पासून उपलब्ध आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ते चालतं. ते तुमच्या कम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरचाच एक जुना कम्प्युटर उभा करतं. त्यात डॉस असतं, पीसी स्पीकर असतो आणि साउंड ब्लास्टर १६ कार्डही असतं. गेमला वाटतं की खरंच कार्ड आहे. तो आवाज डॉसबॉक्स तुमच्या हेडफोनपर्यंत पोहोचवतं.

आवाज सुरू करण्याच्या पायऱ्या

यासाठी १९९३ च्या ‘डूम’चं उदाहरण घेऊ.

१. डॉसबॉक्स इन्स्टॉल करा. गेमच्या सगळ्या फाईल्स एका छोट्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. झिप असेल तर आधी उघडून घ्या.

२. विंडोजवर असाल तर कमांड पाठ करायची गरज नाही. फोल्डरमधली ‘सेटअप’ फाईल ओढून डॉसबॉक्सच्या आयकॉनवर सोडा.

३. इथे दोन वेगळे प्रश्न येतात. एक संगीतासाठीच्या कार्डाचा, दुसरा गोळीबार, दार उघडणं अशा आवाजांच्या कार्डाचा. दोन्हीकडे साउंड ब्लास्टर निवडा. एकच निवडलं तर गोळ्या ऐकू येतील पण संगीत नाही, किंवा उलटं.

४. आकडे विचारले तर पोर्ट २२०, आयआरक्यू ७ आणि डीएमए १ द्या. साउंड ब्लास्टर १६ साठी ‘हाय डीएमए’ विचारला तर ५. डॉसबॉक्सचे मूळ आकडे हेच आहेत. बऱ्याच गेममध्ये आयआरक्यू ५ आधीच भरलेला असतो, तो बदला.

५. सेव्ह करा, बाहेर पडा आणि आता गेमची मुख्य फाईल तशीच ओढून सोडा.

आवाज तुटक येत असेल तर?

हा बहुतेक वेळा वेगाचा प्रश्न असतो. कंट्रोल आणि एफ १२ दाबलं की डॉसबॉक्समधल्या कम्प्युटरचा वेग वाढतो, कंट्रोल आणि एफ ११ ने कमी होतो. गेम संथ चालून आवाज अडखळत असेल तर वेग वाढवा. वेग वाढवूनही आवाज फाटत असेल तर तुमच्या लॅपटॉपवरच ताण येतोय, थोडा कमी करा. माउस खिडकीत अडकला तर कंट्रोल आणि एफ १० दाबा.

गेम मिळवायचा कुठून?

गेम जुना झाला म्हणून कॉपीराइट संपत नाही. भारतात कम्प्युटर प्रोग्रॅमला साहित्यकृतीसारखंच संरक्षण आहे. ‘डूम’चा पहिला भाग मात्र कंपनीनेच शेअरवेअर म्हणून मोफत वाटला होता. गॉग या साइटवर अनेक जुने गेम विकत मिळतात आणि त्यातल्या बऱ्याच गेमसोबत डॉसबॉक्स जोडलेलं असतं. काहीच इन्स्टॉल करायचं नसेल तर इंटरनेट आर्काइव्हवर जा. तिथे २०१५ मध्ये सुमारे २,४०० डॉस गेम ब्राउझरमध्येच खेळता येतील असे ठेवले गेले.

अनोळखी साइटवरून किंवा ग्रुपवर आलेली फाईल घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा. मूळ डॉस गेम ६४ बिट विंडोजवर थेट चालतच नाही. ‘डेव्ह’ नावाची फाईल डबल क्लिक केल्याबरोबर चालू लागली, तर त्यात मूळ गेमशिवाय आणखी काहीतरी आहे. ते डॉसबॉक्स असू शकतं, कुणी नव्याने बनवलेली नक्कल असू शकते किंवा व्हायरसही असू शकतो. कुणी दिली आहे हे माहीत नसेल, तर ती उघडू नका.