पांढरींतलीं खापरें

येवलें म्हटलें कीं मराठी गृहिणीच्या डोळ्यांपुढें पैठणी उभी राहते. मातीचें भांडें कोणाच्या मनांत येत नाहीं. तथापि येवल्याहून दक्षिणेस निघून कोपरगांवापाशीं गोदावरी ओलांडावी व पुढें प्रवरेच्या खोऱ्यांत उतरावें, म्हणजे फुटक्या मडक्यांनींच ज्याचा इतिहास सांगितला असा मुलूख लागतो. जुन्या नक्षीदार बरण्या व रकाब्या दिवाणखान्यांत मांडण्याची हौस सुशिक्षित घरांत असते. त्या हौसेला या मुलुखाची ओळख असणें अगत्याचें आहे.

संगमनेर तालुक्यांतील जोर्वे या गांवीं १९५०-५१ सालीं डॉ. हसमुख सांकळिया व डॉ. शांताराम देव यांनीं उत्खनन केलें. तेथें मिळालेल्या भांड्यांना पुढें त्या गांवाचेंच नांव पडलें. जोर्वे भांडें ओळखणें कठीण नाहीं. तें चाकावर घडविलेलें व उत्तम भाजलेलें असून लाल लेपावर काळ्या रेघांची नक्षी असते. टिचकी मारतांच धातूसारखा नाद निघतो. लांब तोटीचीं भांडीं हा त्यांतील सर्वांत देखणा प्रकार. इसवी सनापूर्वीं सुमारें १४०० ते १००० या काळांतील शेतकऱ्यांच्या घरचीं हीं भांडीं होत. त्यांना लोखंड ठाऊक नव्हतें, लेखनहि नव्हतें; म्हणून त्यांचा कारभार, त्यांचे व्यवहार, त्यांचें दुःख, जें काय कळावयाचें तें बव्हंशीं खापरांवरूनच.

दुःखाचें उदाहरण द्यावयाचें तर नेवासें, दायमाबाद, इनामगांव येथील बालकांच्या दफनांचें द्यावें. मूल दगावलें कीं दोन घट तोंडाशीं तोंड लावून आडवे ठेवीत, त्यांत त्याचा देह असे, आणि हें सर्व घराच्या जमिनीखालींच पुरीत. वडील माणसें चालतात-फिरतात त्याच भुईखालीं लेंकरूं! आतां हेच घट कोणीं हौशी गृहस्थानें उकरून घरीं नेले असते, तर त्याच्या कपाटांत दोन मडकीं आलीं असतीं, एवढेंच. तीं कोणत्या भुईखालीं होतीं, एकमेकांकडे तोंड करून होतीं कीं नव्हतीं, हें कायमचें नाहींसें झालें असतें.

अशा जुन्या वस्तीच्या टेकाडास आपल्याकडे पांढरी म्हणतात. तिची माती गांवकरी धाब्यावर घालण्यास नेत आले. त्यांत त्यांचा दोष मानणें बरोबर नव्हे, कारण त्यांना घराची गरज होती. संग्राहकाचें तसें नाहीं. तो रंगीत कांठ तेवढा वेंचतो आणि साधें खापर फेंकून देतो. उत्खनन करणारा मात्र दोन्ही मोजतो, कोणत्या थरांत काय सांपडलें तें लिहून ठेवतो, आणि त्या नोंदीवरून कालाचा क्रम लावतो. नोंद नसलेलें सुंदर खापर मुकें होय.

संग्रह करणें वाईट असें मात्र कोणी म्हणूं नये. पुण्याच्या दिनकर केळकरांनीं दिवे, अडकित्ते, दौती असा घरगुती संसार आयुष्यभर जमविला व १९७५ सालीं तो महाराष्ट्र शासनास देऊन टाकला. परंतु नांदत्या घरांतून वस्तु घेतांना तिची हकीकत मालकास विचारतां येते. पांढरींत उत्तर देणारा कोणी उरलेला नसतो. तेथें थर हाच मालक. शंभर वर्षांहून जुनी वस्तु खाजगी माणसास परदेशीं नेतां येऊं नये असा १९७२ चा कायदा आहे खरा. पण फिरावयास आलेल्यानें खिशांत टाकलेलें खापर कोण अडविणार?

नेवाशाच्या वरच्या, म्हणजे सातवाहनकालीन थरांत दोन कानांच्या उंच सुरयांचे कांहीं तुकडे मिळाले. त्यांवर ना नक्षी, ना रंग. अशा सुरया रोमन जगांत मद्य व तेल भरून पाठविण्यासाठीं वापरीत. भूमध्य समुद्राकडचा तो माल सह्याद्रि ओलांडून प्रवरेकांठीं पोंचत होता, हें त्या ओबडधोबड तुकड्यांमुळें कळलें. शोभेच्या वस्तु हुडकणाऱ्यानें ते पायानें बाजूस सारले असते.