सच्छिद्र सीमा

सच्छिद्र सीमा : माणसे, माल व शस्त्रे यांची ये-जा शासकीय तपासणीविना होऊ शकते, अशी आंतरराष्ट्रीय सीमा.

उद्गम : वस्ती, शेती व नदीपात्रे यांना छेदून रेषा आखल्यास सीमा सच्छिद्र होते, १९४७ ची भारत-पाकिस्तान सीमा हे याचे उदाहरण (पहा : रॅडक्लिफ रेषा). १९५० च्या मैत्री करारानुसार भारत-नेपाळ सीमा खुली आहे.

वैशिष्ट्ये : भारताची भूसीमा सु. १५,१०० किमी. असून तीपैकी ४,०९६ किमी. बांगलादेशाला लागून आहे. पात्र बदलणाऱ्या नद्या, दलदल व घनदाट अरण्य यांमुळे तेथे सलग कुंपण घालता येत नाही. घुसखोरी, बनावट चलन, अमली पदार्थ व शस्त्रांची तस्करी हे प्रमुख धोके होत (पहा : सीमा सुरक्षा दल).

महाराष्ट्राला आंतरराष्ट्रीय भूसीमा नाही, सागरकिनारा आहे; मात्र तोही सच्छिद्र ठरू शकतो. १९९३ च्या आरंभी रायगड जिल्ह्यातील दिघी व शेखाडी येथे शस्त्रे व आरडीएक्स ही स्फोटके समुद्रमार्गे उतरवण्यात आली. त्यांच्या साहाय्याने घडवलेल्या १२ मार्च १९९३ च्या मुंबई बाँबस्फोटांत २५७ जण ठार झाले. या स्फोटांच्या खटल्यात ही तस्करी होऊ दिल्याबद्दल काही सीमाशुल्क अधिकारी व पोलीसही दोषी ठरले. सच्छिद्रता केवळ भौगोलिक नसते, हे यातून सिद्ध झाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यातील हल्लेखोरही समुद्रमार्गेच आले (पहा : तटरक्षक दल).

महत्त्व : कुंपण, गस्त व गुप्तवार्ता यांबरोबरच प्रामाणिक प्रशासन व सीमावासीयांचा विश्वास यांवर राष्ट्रीय सुरक्षा अवलंबून असते. सीमावर्ती लोकांचे व्यापार, शेती व नातेसंबंध अबाधित राखणे हा सीमा व्यवस्थापनाचा आवश्यक भाग होय (पहा : राष्ट्रीय सुरक्षा).