केंब्रिजच्या फरसबंदीवरून

शहर ओळखावयाचे तर ते पायी हिंडावे, ही सवय आम्हांस माधवगंजाने लावली. घरून बाड्याकडे निघालो की हा वाडा कोणाचा, हे देऊळ कोणी बांधले, कोणते घराणे कोठून येथे आले, हे वडीलधारी मंडळी चालता चालताच सांगत. तेव्हा केंब्रिजला जाण्याचा योग आला त्या वेळी मोटारीतून शहर दाखविण्याचा मुलांचा आग्रह आम्ही मोडला आणि एक सबंध दिवस पायीच घालविला. त्या प्राचीन विद्यानगरीत आपल्या माणसांच्या पाऊलखुणा कोठे सापडतात, एवढेच आम्हांस पाहावयाचे होते.

ट्रम्पिंग्टन रस्त्यावरून निघालो. प्रारंभीच पीटरहाउस लागते. १२८४ साली स्थापन झालेले हे तेथील सर्वांत जुने कॉलेज. विद्यापीठ मात्र त्याहूनही जुने. १२०९ साली ऑक्सफर्डमध्ये गावकरी आणि विद्यार्थी यांच्यात मोठा तंटा झाला, काही विद्यार्थ्यांना फासावर लटकविण्यात आले. भयभीत झालेले कित्येक अध्यापक व विद्यार्थी तेथून निघाले. त्यांतील काही कॅम नदीच्या काठच्या या बाजारगावी येऊन राहिले, आणि त्यांच्यापासून हे विद्यापीठ वाढले. हे वाचताना आम्हांस आपल्या लष्कराची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. १८१० साली दौलतराव शिंद्यांचा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली पडला. तळ कायमचा झाला, त्याचे शहर झाले आणि नाव मात्र 'लष्कर' हेच राहिले. आलेली माणसे परत न गेल्यामुळेच ही दोन्ही नगरे उभी राहिली.

याच रस्त्यावर, फिट्झविल्यम संग्रहालयासमोर, पूर्वी फिट्झविल्यम हाउस होते. १९५७ साली जयंत नारळीकर काशीहून येथे शिकावयास आले. त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर हेही केंब्रिजचेच रँग्लर. पंडित मदनमोहन मालवीयांच्या काशी हिंदू विश्वविद्यालयात त्यांनी १९३२ पासून गणित विभाग सांभाळला. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी मुलाची भाषा आणि विद्या दोन्ही कशी टिकतात, याचे हे उदाहरण आम्हां ग्वाल्हेरकरांस विशेष जवळचे वाटते. पुढे किंग्ज कॉलेजच्या भव्य प्रार्थनामंदिराशी आम्ही बराच वेळ उभे राहिलो. त्याचे बांधकाम १४४६ साली सुरू झाले आणि दगडी काम संपावयास १५१५ साल उजाडले. याच कॉलेजचे फेलो म्हणून नारळीकर १९६३ ते १९७२ पर्यंत होते.

किंग्ज परेडच्या टोकाशी सेनेट हाउस आहे. येथे आमची पावले आपोआप मंदावली. गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेचा निकाल पूर्वी या वास्तूत गुणानुक्रमे वाचून दाखवीत. त्यात पहिला येणारा तो सीनिअर रँग्लर. १८९९ साली तो मान जॉर्ज बर्टविसल यांच्या बरोबरीने रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांना मिळाला. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी विद्यार्थी. कोकणातल्या मुर्डी गावचा हा मुलगा महर्षी कर्व्यांच्या आधाराने शिकला होता. त्याच्या यशाने अवघा देश हर्षभरित झाला. गुणानुक्रम जाहीर करण्याची प्रथा १९०९ नंतर बंद पडली, परंतु मराठी घरांत 'रँग्लर' हा शब्द त्यांच्यामुळे कायमचा रुजला.

ट्रिनिटी कॉलेजवरून, न्यूटनचे स्मरण करीत, आम्ही सेंट जॉन्सच्या दाराशी आलो. हेच परांजप्यांचे कॉलेज. निघाल्यापासून येथपर्यंत मैलभरही अंतर झाले नव्हते! १९०१ साली कॉलेजने त्यांना फेलो निवडले. तरीही ते मायदेशी परतले, आणि सरकारी नोकरीत मिळाले असते त्याहून कितीतरी अल्प वेतनावर फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. १९०२ ते १९२४ अशी बावीस वर्षे ते तेथे प्राचार्य होते. नारळीकरही १९७२ साली परतले. १९८८ साली पुण्यात 'आयुका' ही संस्था सुरू झाली, तिचे ते संस्थापक संचालक. २०२५ च्या मे महिन्यात ते निवर्तले.

नदीपलीकडच्या हिरवळीवरून दक्षिणेकडे वळून आम्ही न्यूनहॅमला गेलो. स्त्रियांचे हे कॉलेज १८७१ चे. परांजप्यांची कन्या शकुंतला येथेच शिकल्या व १९२९ साली ट्रायपॉस उत्तीर्ण झाल्या. परंतु स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास हे विद्यापीठ १९४८ पर्यंत राजी नव्हते. पुढे शकुंतलाबाईंनी लोकनिंदा सोसून कुटुंबनियोजनाचे कार्य केले. इतक्या थोर विद्यापीठाला न्याय कळावयास इतका काळ लागला, याचे वाईट वाटले.

संध्याकाळी दमून बाकावर बसलो तेव्हा एक प्रश्न मनात घोळू लागला. आज आपल्या बहुतेक घरांतील मुले पुण्यास, बंगळुरास किंवा समुद्रापलीकडे आहेत. परांजप्यांचे उदाहरण देऊन आपण त्यांना 'परत या' म्हणतो. पण तसे म्हणण्याचा आपल्याला अधिकार किती? आपले पूर्वज साताऱ्याहून, कोकणातून येथे आले ते परत गेले नाहीत. त्यांनी या मातीत वाडे बांधले, गाणे वाढविले, पाठशाळा काढल्या. मग परतणारे तेवढे कृतज्ञ आणि राहणारे कृतघ्न, असा हिशेब मांडता येत नाही. ज्या गावाने आपल्याला जागा दिली त्याचे काही देणे आपण फेडले काय, एवढेच विचारता येते. हा प्रश्न मुलांना विचारण्यापूर्वी आपण स्वतःलाच विचारावयास हवा, कारण वाड्यांची कहाणी सांगणारी मंडळी आता उरली नाहीत, आणि जे आम्हांस ठाऊक आहे तेही आम्ही कोणास सांगितलेले नाही.

दिवाळीत मुले-नातवंडे घरी येतील. एखाद्या सकाळी त्यांना घेऊन माधवगंजातून बाड्यापर्यंत पायी जावे, आणि दिसेल त्या दाराशी थांबून ठाऊक असेल ते सांगावे, असे आम्ही ठरविले आहे. वाचकांनीही आपापल्या गल्लीत हे करून पाहावे.