देहूरोडच्या गाण्यांचा इतिहास कोण लिहिणार?

पुण्यात हिवाळ्यातला संगीत महोत्सव म्हटले की सवाई गंधर्वचेच नाव निघते. १९५३ पासूनच्या त्या महोत्सवाची ध्वनिमुद्रणे आहेत, कलावंतांच्या नोंदी आहेत. पुण्याहून घोरावाडीकडे जाताना देहूरोड लागते. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी तिथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. दरवर्षी त्या दिवशी आपण तिथे जमतो, वंदना होते, भीमगीते गायली जातात. त्याला मात्र कुणी संगीत महोत्सव म्हणत नाही!

ही गाणी निव्वळ करमणूक नाहीत. सत्यशोधक जलशांचा वारसा घेऊन भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तमाशाचा बाज ठेवला, आशय बदलला. गणेशस्तवन गेले, गवळण गळाली, प्रबोधन आले. पुढे वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) तोच विचार गावोगावी, वस्तीवस्तीत पोहोचवला. अक्षरओळख नसलेल्या आपल्या आज्यांनी बाबासाहेब वाचले नाहीत, ऐकले.

घोरावाडी स्टेशनजवळच्या शेलारवाडी लेण्यांत सिअगुटणिका या शेतकरी घरातल्या स्त्रीचे दान ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे. चैत्यगृहाचे पुढे शिवमंदिर झाले, तरी तिचे नाव आजही वाचता येते, कारण ते कोरले गेले. मग आपल्या गायन पार्ट्यांतल्या कोरसच्या बायांची, ढोलकीवाल्यांची नावे कुठे आहेत?

आपला इतिहास दुसरे लिहितील ही आशा सोडू या. येत्या २५ डिसेंबरला गाणे मोबाईलवर टिपा. सोबत कवी, गायक, वादक, गाव आणि साल लिहून ठेवा.

जयभीम!