भाताच्या मुळातले पाहुणे

वाल, मेथी किंवा भुईमुगाचे रोप उपटून, मुळावरची गाठ फोडून आतला गुलाबी रंग दाखवणे हा आपल्या वर्गातला नेहमीचा पाठ. रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात, हे सांगून झाले की आपण एक वाक्य जोडतो : तृणधान्यांना ही सोय नाही. वाक्य चूक नाही, पण अपुरे आहे. ते कसे अपुरे आहे हे कळले १९९०च्या दशकात, नाईल नदीच्या त्रिभुज प्रदेशातील भातखाचरांत.

मुळात ही विभागणी जुनी. १८३८ मध्ये बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने भाजलेल्या वाळूत क्लोव्हर आणि गहू वाढवून दोहोंतील नत्र मोजला. क्लोव्हरमध्ये भर पडली होती, गव्हात नाही. याचे कारण मिळाले १८८६ मध्ये. हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी गाठींतील सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवले. दोन वर्षांनी हॉलंडच्या बायरिंकने ते जिवाणू वेगळे केले. तेव्हापासून एक स्वप्न शास्त्रज्ञांच्या मागे लागले : गव्हाला, भाताला गाठी आणता आल्या तर? फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९९२ मध्ये या शक्यतेवर एक पुस्तकच काढले.

गाठी काही आल्या नाहीत. पण इजिप्तमधल्या शेतकऱ्यांना वेगळेच काही ठाऊक होते. तिथे उन्हाळ्यात भात आणि हिवाळ्यात बरसीम, म्हणजे एक प्रकारचे क्लोव्हर, अशी पाळी सातशेहून अधिक वर्षे चालत आली आहे. (आपल्याकडे गुरांना घालतात ते बरसीम मूळ तिथलेच.) बरसीमनंतरच्या भाताला नत्रखत कमी लागते, शिफारशीच्या २५ ते ३३ टक्के नत्र या फेरपालटाने वाचतो, असे हिशेब सांगत होते. १९७० मध्ये आस्वानचे मोठे धरण पुरे झाले आणि पुराबरोबर येणारा गाळ थांबला. खताचे पोते विकत आणणे भाग पडले, तेव्हा ही बचत फार मोलाची ठरली.

साधे उत्तर असे की बरसीमची मुळे कुजतात आणि त्यांतला नत्र भाताला मिळतो. पण कुजण्यातून मिळणारा नत्र मोजला, तर एवढ्याने फायद्याचा सगळा उलगडा होईना. तेव्हा इजिप्तचे युसूफ यान्नी आणि अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाचे फ्रँक डाझो यांच्या गटाने एक विचित्र वाटणारा प्रश्न विचारला. बरसीमचे जिवाणू भाताच्या मुळात तर राहायला जात नसतील?

हे तपासण्याची त्यांची युक्ती आम्हांला फार आवडते. शेतातून भाताची मुळे आणली, बाहेरचे जिवाणू मरतील अशी पृष्ठभागावरून निर्जंतुक केली, वाटली, आणि तो रस बरसीमच्या निर्जंतुक रोपांना दिला. बरसीमला गाठी आल्या! म्हणजे क्लोव्हरचा खरा रायझोबियम भाताच्या मुळाच्या आत जिवंत होता, तोही लाखोंच्या संख्येने. उपमुळे फुटताना सालीला ज्या भेगा पडतात, त्यांतून तो आत शिरत होता. भाताला मात्र एकही गाठ नव्हती. १९९७ मध्ये 'प्लँट अँड सॉइल' या नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले.

पुढचा धक्का त्याहून मोठा. जड नत्राचे समस्थानिक वापरून पाहिले, तर जिवाणूंनी हवेतून बांधलेला नत्र भाताला फारसा मिळतच नव्हता. मग रोपे जोमदार का? जिवाणू ऑक्सिनसारखी वाढसंप्रेरके तयार करीत होते. कोवळ्या रोपाची मुळे लांब होत, उपमुळे वाढत, आणि जमिनीतच असलेली पोषकद्रव्ये रोप अधिक चांगली शोषून घेई. शंभर वर्षे नत्राच्या नजरेने पाहिल्यामुळे ही शक्यता बाजूला पडली असावी, असे आम्हांला वाटते.

सगळेच गोड नव्हते. एका जातीच्या भाताला उपकारक ठरलेला वाण दुसऱ्या जातीवर निष्प्रभ ठरे, क्वचित वाढ खुंटवीही. म्हणून कुठलेही पाकीट कुठल्याही भाताला चोळून चालत नाही. २००५ मध्ये चिनी संशोधकांनी चमकत्या हिरव्या प्रथिनाची खूण केलेले जिवाणू वापरून दाखवले, की ते मुळांतून खोडात आणि पुढे पानांपर्यंत चढतात.

कोकणात भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल घेतात. तिथल्या शाळांना यान्नींची युक्ती करून पाहता येईल. वालाच्या शेतातल्या भाताचे मूळ ब्लिचिंग पावडरच्या पाण्यात काही मिनिटे ठेवून उकळून गार केलेल्या पाण्याने पुष्कळदा धुवावे व वाटावे. तव्यावर चांगल्या भाजलेल्या वाळूत, तसेच धुतलेले वालाचे बी दोन कुंड्यांत लावावे. एकीला हा रस द्यावा, दुसरीला नुसते उकळून गार केलेले पाणी. महिन्याभराने दोन्ही रोपे उपटावीत. दुसऱ्या कुंडीतही गाठी दिसल्या, तर वाळू नीट भाजली गेली नव्हती असे समजून प्रयोग पुन्हा करावा.