डॉक्टर दोनदा आले होते

शुक्रवार, २२ ऑक्टोबर १९२६, माँट्रियल. प्रिन्सेस थिएटरच्या ड्रेसिंग रूममध्ये जादूगार हॅरी हूडिनी कोचावर पडलाय. याच महिन्यात ऑल्बनीला घोटा मोडला, तरी दौरा चालूच आहे. एक कॉलेजचा पोरगा विचारतो, पोटावरचे ठोसे तुम्ही खरंच झेलता? हूडिनी पोट आवळायच्या आतच ठोसे बसलेसुद्धा. मग दुखायला लागलं. कारण समोरच होतं, त्यामुळे दुसरं कुणी शोधलं नाही.

त्या ठोशांनीच अपेंडिक्स फुटलं, अशी दंतकथा आहे. मला ती पटत नाही. अपेंडिक्सचं तोंड बहुतेकदा आतून चोंदतं, मग ते सुजतं. ठोशांनी दुखण्याला सोयीचं नाव दिलं, एवढंच. प्रवासात अशी नावं हाताशीच असतात: कालचं जेवण, बाहेरचं पाणी, गाडीचे धक्के.

शनिवार रात्र. शेवटाला सुमारे १८० तास. डेट्रॉइटच्या गाडीत दुखणं असह्य. पुढे तार जाते: डॉक्टर तयार ठेवा.

रविवार संध्याकाळ. सुमारे १६० तास. गाडी उशिरा पोचते. डॉक्टर पोट दाबून पाहतात आणि अपेंडिक्सचं निदान करतात. ताबडतोब हॉस्पिटल! पण गॅरिक थिएटर भरलंय. हूडिनी १०४ डिग्री तापात रंगमंचावर उभा राहतो, मध्येच कोसळतो, पुन्हा उठून खेळ उरकतो.

अपेंडिक्सचं ऑपरेशन तेव्हा काही अघटित नव्हतं. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक दोन दिवसांवर आला असताना सर्जन फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी अपेंडिक्सचं गळू फोडून पू काढला. समारंभ पुढे ढकलला, राजा जगला. इथे तर फक्त एक खेळ रद्द करायचा होता.

सोमवार पहाट. सुमारे १५० तास. हॉटेलात हूडिनी अजून नाहीच म्हणतोय. पत्नी बेस हट्टाला पेटते. हॉटेलचे डॉक्टर येतात, त्यांचंही चालत नाही. शेवटी न्यूयॉर्कच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन लागतो, तेव्हा कुठे स्वारी हलते. परगावच्या डॉक्टरांनी हात लावून सांगितलेलं पटलं नाही. शेकडो मैलांवरून, पोट न बघता, ओळखीच्या आवाजाने सांगितलेलं पटलं.

सोमवार दुपार. सुमारे १४० तास. ग्रेस हॉस्पिटलमध्ये सर्जन चार्ल्स केनेडी पोट उघडतात. अपेंडिक्स फुटलेलं, पू पोटभर पसरलेला. दुखणं सुरू झाल्यापासून दीड दिवस उलटला की फुटण्याचा धोका वाढत जातो. इथे तर त्याच्या दुप्पट वेळ गेला होता. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून दोन वर्षं होती. आठवडा संपायच्या आत पोट पुन्हा उघडावं लागलं.

रविवार, ३१ ऑक्टोबर, दुपारी १ वाजून २६ मिनिटं. हूडिनी गेला. वय ५२.

पुढे विमा कंपनीने विद्यार्थ्यांच्या जबान्या घेतल्या, ठोशांमुळे झालेला अपघाती मृत्यू म्हणून दावा मान्य केला आणि बेसला दुप्पट रक्कम दिली.