वाघाच्या फवाऱ्यातला बासमती

वाघ शेपटी उभी करून झाडाच्या बुंध्यावर मागच्या मागे फवारा मारतो, ती नुसती लघवी नसते. तिच्यात थोडी चरबी मिसळलेली असते, आणि त्या चरबीत गंध धरून राहतो. मागाहून आलेला वाघ तो बुंधा हुंगतो, वरचा ओठ मुरडतो, नाकाला सुरकुत्या पाडतो, जीभ बाहेर काढतो. टाळूतल्या ज्या इंद्रियाकडे गंधद्रव्य असे पोचते, त्याचे सविस्तर वर्णन डॅनिश शरीरशास्त्रज्ञ लुडविग जेकबसन यांनी १८१३ साली केले.

या गंधाची खरी कुळकथा सुरू होते ती कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधले रतनलाल ब्रह्मचारी यांच्यापासून. ओडिशातल्या सिमलीपालचे वनाधिकारी सरोज राज चौधुरी यांनी खैरी नावाची वाघीण घरी वाढवली होती, त्यामुळे ब्रह्मचारींना फवारा अगदी जवळून पाहता आला. चरबी गुदग्रंथींतून येते हा जुना समज ब्रह्मचारींनी खोडला. ती मूत्रमार्गानेच येते. पण फवाऱ्याला येणारा सुगंधी तांदळाचा वास, हे सगळ्यांत मोठे नवल होते.

तांदळाच्या बाजूचे उत्तर तयार होते. रॉन बटरी आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली सुगंधी तांदळातले मुख्य गंधद्रव्य ओळखले होते: २-ॲसिटिल-१-पायरोलीन. बासमतीत तेच, आपल्या आंबेमोहरातही तेच. पाण्यात अब्जांशाच्या दहाव्या भागाइतके असले तरी माणसाच्या नाकाला ते कळते. ब्रह्मचारींच्या गटाने १९९० साली 'नेचर'मध्ये जाहीर केले की वाघाच्या फवाऱ्यातही हेच द्रव्य आहे.

वाद पुढे पेटला. दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी २००८ साली बंगाली वाघाच्या फवाऱ्यातली शंभराच्या आसपास बाष्पशील द्रव्ये वेगळी काढली. पायरोलीन त्यांत नव्हते. अमेरिकेत २०१६ साली सायबेरियन वाघाचा फवारा तपासला गेला, तेव्हा ते ना यंत्राला सापडले, ना यंत्राशी बसून हुंगणाऱ्या माणसाला. दोन स्वतंत्र नकार ही हलकी गोष्ट नव्हे.

तरीही ब्रह्मचारींचा दावा निकालात काढणे घाईचे ठरेल. हे द्रव्य फार नाजूक आहे. शुद्ध रूपात ते लवकर उडते आणि विघटते. शिवाय त्याच २०१६ साली उदमांजराच्या कुळातल्या बिंटुरॉंगचा पुरावा आला. या प्राण्याला मक्याच्या लाह्यांसारखा वास येतो. ३३ बिंटुरॉंगांच्या मूत्रात तो वास देणारे पायरोलीनच सापडले, आणि नरांत ते माद्यांपेक्षा जास्त होते. मूत्र बाहेर पडल्यावर जिवाणू ते घडवत असावेत, असा त्या संशोधकांचा कयास आहे. उदमांजरे कुत्र्यांपेक्षा मांजरांच्या जवळची, त्यामुळे हा दाखला वाघालाही लागू पडण्याजोगा आहे.

तांदळात हा वास एका निकामी झालेल्या जनुकामुळे साठतो. वाघात तो शरीराबाहेर, बुंध्यावरच्या चरबीत जिवाणूंच्या हातून घडत असावा. तसे असेल तर दोन्ही पक्ष खरे ठरतात: एकाच्या हाती मुरलेला फवारा आला, दुसऱ्याच्या हाती ताजा किंवा द्रव्य उडून गेलेला. एकाच वाघाचा फवारा पडताक्षणी, काही तासांनी आणि काही दिवसांनी तपासला, तर हा तर्क टिकतो की कोसळतो ते ठरेल.